शक्ती-तुऱ्याची तपासणी

“तुझी मानसं मला एक दिवस उसनी दे,” भागोजीबुवा म्हणाले आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले.

गोमाजी शाहीर पायरीवरून उठलेच. “काय म्हनलास? ज्यांना जन्मभर मंडपात कोल्ही म्हनलास, ती?”

“हां. तीच कोल्ही.”

भागोजीबुवा पोलादपूरच्या डोंगरातल्या खालच्या वाडीचे, तुरेवाल्यांचे शाहीर. गोमाजी वरच्या वाडीचे, शक्तीवाल्यांचे. शंकर मोठा की पार्वती, यावरून दोघांनी हयातभर गाण्यातून एकमेकांची अब्रू काढलेली. आता दोघांनीही केंद्र सरकारच्या संस्कृती खात्याकडे अनुदान मागितलं होतं. पोरांना हा शक्ती-तुऱ्याचा नाच शिकवला नाही तर तो आपल्याबरोबरच सरणावर जाणार, ही धास्ती दोघांनाही सारखीच होती. अट एकच, पार्टीत पंधरा जण हवेत. आणि इथं निम्मी पार्टी मुंबईला, गणपतीशिवाय तोंड न दाखवणारी!

“देतो,” गोमाजी म्हणाले. “पन तुझी मानसंपन मला लागतील. तपासनी एकाच दिवशी हाय. सकाळी तुझ्याकडं, दुपारी माझ्याकडं.”

“मग काय! सायबाची गाडी घाटानं फिरून येनार. आमी पायवाटेनं चढतो की.”

साहेब नव्हे, मॅडम आल्या. दिल्लीच्या खात्यातल्या मैथिली मॅडम, मूळच्या नागपूरच्या आणि बोलायला मोकळ्या. खालच्या वाडीत पिवळे फेटे असे नाचले की अंगणाचा धुरळा उडाला. शक्तीवाल्यांची टर उडवणारं गाणं लागलं, तेव्हा शक्तीवाल्या सुनीलचाच आवाज सगळ्यांत वर. लाज म्हणून नाही मेल्याला! मॅडमनी भागोजीबुवांच्या गालापर्यंत पोचलेल्या मिशीचंही कौतुक केलं.

गाडी वळणाआड गेली आणि पार्टी पायवाटेला लागली. गोमाजी काय गातो ते ऐकायला बुवाही मागोमाग चढले. वर पोचता पोचता पार्टीतल्या प्रवीणचा पाय मुरगळला. झाली का पंचाईत! एक माणूस कमी.

सगळे बुवांकडे बघायला लागले.

“मला वळखंल ती बाई,” बुवा म्हणाले.

“मिशी काढलीस तर नाय वळखनार,” गोमाजी म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

देवळामागे मिशी गेली. बुवांना खरंच रडू आलं. लग्नाच्या दिवशीसुद्धा न्हाव्याला हात लावू दिला नव्हता त्यांनी तिला. मग गोमाजींनी सगळ्यांच्या तोंडाला बचकभर गुलाल फासला आणि डोक्यावर लाल फेटे चढवले.

मॅडम आल्या आणि ढोलकी कडाडली. “तुरेवाले पळाले हो, शेपूट घालून पळाले!” गोमाजींनी सूर लावला. मागच्या रांगेतून भागोजीबुवांना तेच ओरडून म्हणावं लागलं. गोमाजींनी ते कडवं मुद्दाम पुन्हा पुन्हा घेतलं. किती छळावं माणसानं माणसाला! बुवा मात्र इरेला पेटून नाचले. दोन्ही वाड्यांचं अनुदान आता त्यांच्या पायांवर होतं.

नाच थांबला. मॅडम टाळ्या वाजवत उठल्या.

“कमाल केलीत! दोन्ही पार्ट्या एकापेक्षा एक. दोघांनाही अनुदान मिळावं असंच मी लिहिणार आहे.”

वाडीत एकच जल्लोष झाला. गोमाजींनी मागच्या रांगेत घुसून भागोजीबुवांना कडकडून मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदाच.

“मिशी काय रे, परत येल!” ते कानात म्हणाले. बुवाही हसले. उघड्या ओठावर त्यांना वारा लागत होता, पण आता त्याचं काही वाटत नव्हतं.

वाडीतल्या बनुबाईंनी मॅडमना चहा आणून दिला. मॅडम खुर्ची ओढून पुन्हा ऐसपैस बसल्या.

“आता तेवढा सामना बघते आणि सही करते. शक्ती-तुऱ्याची खरी गंमत समोरासमोरच ना? भागोजीबुवांच्या पार्टीला आणायला मी खाली गाडी पाठवलीय.”