बायकांकडचा शेवटचा बाक

अकोल्याच्या त्या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. अमरावतीच्या एका माणसाबरोबर निघून गेलेली एस्तेर परवाच परतली होती. ती बायकांकडच्या शेवटच्या बाकावर बसली, तशा तिथल्या दोघी उठून पुढे गेल्या. नवऱ्याने, शमुवेलने, तिला घरात घेतलं होतं. पण अजून एक शब्द बोलला नव्हता.

आज शास्त्रवाचन त्याच्याकडे होतं. त्याने बायबलमधलं होशेय संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं आणि एस्तेरने ते लगेच ओळखलं. नवऱ्याला टाकून गेलेल्या बाईची गोष्ट ती. देव संदेष्ट्याला सांगतो, तिला परत आण, मीही माझ्या लोकांवर अशीच प्रीती करतो.

हेच काहून काढलं यानं? माना वळायला लागल्या. घरात घेतलं ते आज चारचौघांत धिंड काढायलाच, असं तिला वाटलं. पदर तोंडाशी धरून ती दाराकडे बघत राहिली.

वाचन संपलं. शमुवेल खाली उतरला, पण पुरुषांकडे वळला नाही. सरळ शेवटच्या बाकापाशी येऊन थांबला.

"सरक जराशी," तो म्हणाला. "मले बसू दे."