मांडीवरचा पंखा

सामोआहून तुवालूच्या मंडळीला भेटायला आलेल्या तावीता पाळकांचा नोहाच्या पुरावरचा उपदेश आवरता आवरेना. तिकडे सामोआत, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये त्यांची बायको पहिल्या चटईवर बसायची. तिने हातातला पंखा मांडीवर ठेवला की आता पुरे, हे ठरलेलं. ती वारल्यापासून उपदेश लांबतच चालले होते आणि तोंडावर सांगायला कुणी धजत नव्हतं. आज इथे पुढे बसलेल्या एका म्हातारीने केवड्याच्या पानांचा पंखा मांडीवर ठेवला आणि तावीता अर्ध्या वाक्यातच थांबले. “आमेन,” म्हणून त्यांनी उपदेश संपवला. “पाळकसाहेब, नोहाला भर पुरात सोडून आलात की हो!” जेवताना म्हातारीने छेडलं. तावीतांनी बायकोच्या पंख्याची गोष्ट सांगितली. “अगं बाई! माझा तर हात दुखला होता.” तिने त्यांच्या पानात आणखी मासा वाढला. “संध्याकाळच्या उपदेशाला पुन्हा पुढेच बसते मी. नोहा कोरड्या जमिनीवर उतरेपर्यंत हात मोडला तरी पंखा खाली ठेवायची नाही.”