निम्मी फी

"मोठ्यानं बोल. काचेतून ऐकू येत नाही," खिडकीतली बाई म्हणाली.

मुलीनं काचेला नाकच लावलं. "मॅडम, निम्मी फी आणलीय. उरलेली दोन महिन्यांत भरते."

तिच्या मागे उभा असलेला रंगारी कान टवकारून ऐकत होता. त्याच्याही खिशात निम्मीच होती. लेकीला प्रवेश मिळाला तेव्हा सगळं घर नाचलं होतं. मग कॉलेजनं एका फटक्यात फी दुप्पट केली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आज शेवटचा दिवस. या पोरीचं जमलं तर आपलंही जमेल, एवढ्या एका आशेवर तो तग धरून होता.

"दुप्पट!" रांगेत कुणीतरी पुटपुटलं. "डिग्रीबरोबर इमारतपण देणार वाटतं."

"नंबर कितवा?" बाईनं विचारलं.

"गुणवत्ता यादीत दुसरी आहे."

"मोठ्यानं!"

"दुसरी आहे!"

रांगेतल्या माना वळल्या. पोरीचे कान लालबुंद झाले. रंगारी आतून पेटला. द्यायचं तर काही नाही, वर पोरीचं घर चव्हाट्यावर मांडायचं!

"घरी कमावतं कोण?"

"आई एकटीच. तिनं पगारातून उचल मागितली होती. तिच्या साहेबांनी दिली नाही."

"हेही मोठ्यानं सांग."

पोरीनं सांगितलं.

बाईच्या मागच्या टेबलावर साहेब मोबाइल चाळत बसले होते. मान वर न करताच ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. परवडत नाही तर यायचं कशाला? पुढचा घ्या."

बाईनं पोरीचा अर्ज काचेखालून परत सरकवला. "पुढचा."

रंगारी पुढे झाला, तो तणतणतच. "बाई, काळीज आहे का दगड? तुम्हाला लेकरंबाळं आहेत की नाही?"

"आहे एक. पूर्ण फी आणलीय?"

"...नाही."

"मग बाजूला व्हा, दादा."

खिडकी बंद झाली, तरी त्याचे पाय घराकडे वळेनात. लेकीला काय तोंड दाखवायचं? तो जिन्यात बसून राहिला. दोन पायऱ्या खाली तीच पोरगी बसली होती.

थोड्या वेळानं खिडकीतली बाई पिशवी घेऊन जिना उतरत आली. रंगाऱ्यानं तोंड फिरवलं.

पोरगी उठली. बाईच्या हातातली पिशवी तिनं आपल्याकडे घेतली.

"आई, इथं नको रडू," ती हळूच म्हणाली. "साहेब अजून वरच आहेत."