पहिल्या मजल्यावरची पिकनिक

"पिकनिक नाही गं, मैत्रेयी. आपण आपल्या घरी जेवायला चाललोय," मीनाक्षी म्हणाली आणि डब्यांची पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली.

नोएडाच्या शेवटच्या बसस्टॉपच्या पुढे मोहरीची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध ती इमारत. दोन मजल्यांचे स्लॅब पडले होते, भिंती अजून उभ्या राहायच्या होत्या. दिल्लीत मुनिरक्यातल्या भाड्याच्या खोलीला कंटाळून पद्माकरने इथे फ्लॅट घेतला होता. आपली जागा डोळे भरून पाहावी, तिथे बसून चार घास खावेत, म्हणून आज तिघं पहिल्यांदाच चटई घेऊन निघाली होती.

"पुऱ्या घेतल्या, चटई घेतली, बाहेर बसून खायचं. मग पिकनिकच ना?" मैत्रेयी ऐकेना. "बाईंनी सांगितलंय, पिकनिक म्हणजे सहल."

"सहल म्हणजे हिंडून परत यायचं," पद्माकर म्हणाला. "घरी जाण्याला कोणी सहल म्हणतं का?"

गेटवरचा चौकीदार उन्हाला पाठ देऊन बसला होता. "पिकनिक है, साहब?"

"नहीं. हमारा फ्लैट है यहाँ," पद्माकर जरा ताठ होत म्हणाला.

"अच्छा. ऊपरवाले भी यही बोले."

मीनाक्षीला बरं वाटलं. म्हणजे शेजारही आला होता.

पहिल्या मजल्यावर जिथे जिथे भिंती यायच्या, तिथे चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. जिन्यावरून डावीकडे, अगदी कोपऱ्यात, पद्माकरने घेतलेल्या फ्लॅटच्या जागेवर, एक कुटुंब सतरंजी पसरून बसलं होतं. नवरा, बायको आणि मैत्रेयीएवढी मुलगी. मधे पराठे, लोणचं, चहाचा थर्मास.

बसलेत बिचारे उन्हाला, आपण काही बोलायचं नाही, असं ठरवत मीनाक्षी चुन्याची रेघ ओलांडणार, तोच ती बाई हसून म्हणाली, "चप्पल वहीं उतार दीजिए, बहनजी. ड्रॉइंग रूम है हमारा." आणि तिने सरकून जागाही केली.

मीनाक्षी हसली. तिने चपला काढल्या. काढल्यावर मात्र तिला कळेना, आपण त्या का काढल्या.

"कौन सा नंबर है आपका?" पद्माकरने त्या गृहस्थाला विचारलं.

"एक सौ चार. मैं खुराना. और आपका?"

पद्माकरने खांबाकडे पाहिलं. तिथे लाल रंगात तोच आकडा लिहिला होता. "हमारा भी," तो म्हणाला.

दोघे पुरुष खाली गेले. चौकीदाराला काही ठाऊक नव्हतं. बसस्टॉपजवळच्या बूथवरून बिल्डरला फोन लावला, तर पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. ते परत आले तेव्हा दोन्ही मुली एकाच ताटलीत खात होत्या.

"कुछ गलती हुई होगी," पद्माकर म्हणाला. "कल ऑफिस में पूछ लेंगे."

"गलती?" खुरानांचा आवाज चढला. "पिकनिक समझ रखा है इन लोगों ने."

मैत्रेयीने मान वर केली. "आई, काकासुद्धा पिकनिकच म्हणाले. मग आहे ना ही पिकनिक?"

आपण इथे पाहुणे की यजमान, हेच मीनाक्षीला उमगत नव्हतं. रागवायचं तर कोणावर? या बाईचा चेहरा आपल्याइतकाच उतरलेला. शेवटी तिने डबा उघडला आणि दोन पुऱ्या त्या बाईच्या ताटलीत वाढल्या. तिनेही मीनाक्षीपुढे थर्मासच्या झाकणात चहा ओतून ठेवला.

ऊन कलायला लागलं. पुरुष दोन खांबांना टेकून बसले होते. शेवटची बस गाठायची होती, पण आधी कोणी उठायचं, ते ठरत नव्हतं.

"मंदिर कहाँ रखना था आपको?" मिसेस खुरानांनी हळूच विचारलं.

मीनाक्षीने देवघरासाठी ठरवलेल्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे भिंत नव्हती. पलीकडे थेट पिवळी मोहरी दिसत होती.

"हमने भी वहीं सोचा था," मिसेस खुराना म्हणाल्या. आणि त्या मोकळ्या कोपऱ्याकडे पाहता पाहता नकळत त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली.