एका मुलीपुरती हळद

काचेच्या बशीभर ओवीच्या जखमेतले जंतू साईसारखे पसरले होते. फक्त तिच्या आईने, शलाकाने आणलेल्या हळदीच्या अर्काभोवती स्वच्छ गोल उमटला होता.

"लागू पडली," प्रयोगशाळेतल्या देवकुळेबाई म्हणाल्या. अँटिबायोटिक्स निकामी झाल्यापासून हे शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच येत. "किती आहे?"

"मूठभरच."

"म्हणजे एका मुलीपुरती. वाटू नका हं. अर्ध्या डोसाने जंतू मरत नाही, शहाणा होतो."

बाहेर बाकावर नसीमा बसली होती. तिच्या मुलाला, आयानलाही त्याच जंतूची लागण झालेली, आणि तिने दुसरीकडून आणलेल्या हळदीने काहीच केलं नव्हतं.

"तुझं काय झालं गं?"

शलाकाने हळदीची पिशवी ओढणीखाली घेतली. "माझीही वाया गेली."

नसीमाने तिचा हात धरला. "रडू नकोस. मामा आणखी हळद आणतोय. लागू पडली तर निम्मी ओवीची."