खालच्या खाणीचा दगड

वस्तऱ्याला धार लावायचा जुना दगड नेमक्या कुठल्या खाणीतला, हे आर्देनच्या डोंगरात म्हाताऱ्या देझिरेइतकं अचूक कुणीच सांगत नसे. त्याचा जुना मित्र लांबेर वारला, त्याच दिवशी दुपारी लांबेरची लेक ओडिल एक दगड घेऊन त्याच्याकडे आली.

"काका, बाबांनी वरच्या खाणीतून स्वतःच्या हातांनी काढलेला दगड हाच ना? उद्या शवपेटीत त्यांच्याजवळ ठेवायचाय. तुम्ही हो म्हणालात की झालं."

देझिरेने दगड ओला करून खिडकीपाशी धरला. वरच्या खाणीच्या दगडात पिवळ्या थरातून केसाएवढी काळी रेघ जाते. यात ती नव्हती. हा खालच्या खाणीतला साधा दगड होता, आणि चाळीस वर्षांपूर्वी मित्राचा दगड उचलून त्या जागी तो देझिरेनेच ठेवला होता. लांबेरच्या त्या दगडावर तो आजही रोज सकाळी वस्तऱ्याला धार लावत होता.

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण उद्या सकाळी वस्तरा कशावर घासायचा, हे मनात आलं.

"हाच गं पोरी. वरच्या खाणीचाच," तो कसाबसा म्हणाला.

ओडिलने दगड रुमालात गुंडाळला आणि दाराशी जाऊन थांबली.

 

"बाबा म्हणाले होते, 'देझिरे खरं बोलला, तर माझा दगड मागून आण. खोटं बोलला, तर राहू दे त्याच्याकडेच. जीव अडकलाय बिचाऱ्याचा त्यात.'"