हळदीचा लेप

भाजलेली जागा आधी धुवायची आणि मगच उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, हे आम्हा नर्सना बजावून सांगितलं होतं. वरवर भाजलेली कातडी गरम असते, ती लाल दिसते. खोल भाजलेली थंड असते, ती निळी.

किन्हीराजा गावच्या तुळसाबाई आल्या तेव्हा त्यांच्या भाजलेल्या हातावर गरम हळदीचा लेप होता. मला मालेगावची बस गाठायची होती. मी लेपावरूनच फोटो काढला. हात लालभडक दिसला.

"वरवरचं आहे मावशी, घरी जा," मी म्हणाले.

अकराव्या दिवशी जखम चिघळून त्या वारल्या. लेपाचं मी कुणालाच सांगितलं नाही.

आज त्यांचे यजमान जगदेवभाऊ आले. हातावर चहा सांडला होता. मी तो हात दोनदा धुतला, पुसला आणि फोटो काढला.

फोटोत त्यांच्या मनगटाभोवती पाच लाल बोटं होती. कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी.

"काय दिसून राह्यलं, ताई?"

"वरवरचं आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

मी घाईनं दुसरा फोटो काढला. त्यात बोटं नव्हती.

जगदेवभाऊ माझ्या हाताकडे पाहत होते.

"ताई, तुमच्या मनगटाले हे हळद कुठून लागली?"